अडतीस नंबरची रांग

वहिनीला जाऊन दीड महिना झाला. भेटायला येणारी माणसं म्हणतात, किती गोड स्वभाव होता हो. मी मान हलवते आणि चहा ठेवते. पण खरं सांगायचं तर गोड नव्हती ती. तोंडाने फटकळ होती, हाताने चटपटीत, आणि एकदा नाही म्हटलं की नाहीच. पहिली दोन वर्षं तर आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. तिचं मोठेपण होतं ते वेगळ्याच गोष्टीत, आणि ते तिच्या केंद्रातल्या चार माणसांना माहीत आहे, दादाला माहीत आहे आणि मला. दादा काही बोलायचा नाही. म्हणून मीच सांगते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, ती त्याची बायको. माझा नवरा गेला तेव्हा मी शिलाईचं मशीन घेऊन दादाकडे राहायला आले. दोन खोल्यांचं घर. वहिनीने दारात मला पाहिलं, मग मशीनला पाहिलं आणि म्हणाली, माणसाला कुठेही जागा होते, या लोखंडाचं काय करायचं? शेवटी तिनेच स्वतःची पेटी पलंगाखाली ढकलली आणि खिडकीपाशी मशीन लावून दिलं, उजेड चांगला येतो म्हणून. असं होतं तिचं, आधी टोमणा मारायची, मग जागा द्यायची. खुशीत असली की मला ताई म्हणायची आणि चिडली की वन्सं. दिवसात किती वेळा वन्सं झालं त्यावरून मला त्या दिवसाचं हवामान कळायचं.

ती रताळ्याच्या केंद्रात कामाला होती. बस शेवटच्या थांब्यावर वळते, त्याच्या पुढे तारेचं कुंपण आहे, आत एक बैठी इमारत आणि मागे शेत. तिथे एकच पीक, रताळं, पण त्याच्या एकशे बारा जाती. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. रताळं ते रताळं, त्यात जाती कसल्या? ती म्हणाली, वन्सं, तुमच्या मशीनला सगळं कापड सारखंच लागतं का? मग एका रविवारी मला घेऊन गेली. एकेका जातीची एकेक रांग, दहा पावलं लांब, डोक्याला काठी आणि काठीवर पत्र्याचा नंबर. कुणाचं पान बदामासारखं अख्खं, कुणाचं पाच बोटं फाकल्यासारखं. खोदून ठेवलेली रताळी पाहिली, वरून लाल आतून पांढरी, वरून पांढरी आतून पिवळी, एक तर कापल्यावर आतून जांभळी निघाली, शाईची दौत सांडल्यासारखी.

रताळं बी टाकून लावत नाहीत. वेलाचे वीतभर तुकडे कापायचे आणि मातीत खोचायचे. दर हंगामाला जुन्या रांगेतून वेल कापायचा, नव्या जमिनीत त्याच नंबरखाली लावायचा. म्हणजे एकशे बारा घराण्यांचा वंश वहिनीच्या विळ्यावर चालायचा. ती शिकली होती चौथीपर्यंत, रोजंदारीवर होती, पण नंबराची पाटी न बघता पान चिमटीत धरून सांगायची ही कोण ते. तिने सगळ्यांना नावं ठेवली होती. जिला कधीच फूल येत नाही ती रुसकी. शेजारच्या रांगेत शिरणारी घुसखोर. एक पसरट पानाची होती, तिला ती सासूबाई म्हणायची, कारण तिच्या सावलीत दुसरं काही वाढत नाही. आमची आई तेव्हा हयात होती आणि ऐकत बसली होती.

आता ती अडतीस नंबरची गोष्ट. वहिनीचं केंद्रातलं पहिलंच वर्ष होतं. खूप पाऊस झाला आणि एका कोपऱ्यात पाणी साचलं. अडतीस नंबरची अर्धी रांग कुजली. मोठे साहेब पाहणीला यायचे होते आणि मुकादम सगळ्यांवर ओरडत होता की शेत नीट दिसलं पाहिजे. ओळीत रोप मेलं की जी मोकळी जागा पडते तिला नांगा म्हणतात. वहिनी शेतकऱ्याच्या घरातली. नांगा दिसला की तिचा हात आपोआप जायचा. माहेरी तिने आयुष्यभर तेच केलं होतं आणि नांगे भरणारी पोर म्हणून शाबासकी घेतली होती. तिने शेजारच्या सदतीस नंबरचे वेल कापले आणि अडतीसचे नांगे भरून टाकले. दोघींची पानं सारखीच दिसायची. रांग भरली, साहेब बघून गेले, मुकादम खूश.

पुढच्या हंगामाला लावणीसाठी वेल कापायचे, ते रांगेतले सगळ्यात तरारलेले. तरारलेला अर्धा भाग म्हणजे तिने भरलेला, सदतीसचा. खरी अडतीस आधीच आजारलेली होती, ती मागे राहिली आणि नांगराखाली गेली. पाटी अडतीसची, वेल सदतीसचा. तिसऱ्या वर्षी वहिनीच्या लक्षात आलं. सोंड्या भुंगा म्हणून एक किडा आहे, तो रताळ्याला भोकं पाडतो आणि मग ते कडू होतं. खरी अडतीस वेडीवाकडी असायची, दोरेदार असायची, पण तिला भुंगा शिवायचा नाही. आता खोदली तर तिच्यातही भोकं. तिने मनात सगळा हिशोब लावला आणि गप्प बसली. कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही, दादालाही नाही. रोजंदारीवरचं माणूस काय बोलणार?

सातव्या वर्षी केंद्रात एक तरुण मॅडम आल्या. चष्मा, हातात वही, बूट कायम चिखलाने माखलेले. त्या वहिनीला मावशी म्हणायच्या. त्यांना भुंगा न लागणारं आणि खायलाही चांगलं असं नवं रताळं काढायचं होतं. त्यासाठी दोन जातींची फुलं एकमेकींशी जोडायची, त्यातून बी धरायचं, बियांतून नवी रोपं. पण आधी कोण कुणाच्या किती जवळची आणि कोण लांबची ते शोधायचं. सगळ्या एकशे बारा रांगांची मोजमापं सुरू झाली. पानाला किती फाके, देठ किती लांब, शेंड्यावर लव आहे की नाही, सालीचा रंग कोणता. रंगासाठी रंगवाल्याच्या दुकानात असतात तसली पट्ट्यांची जुडगी होती. मॅडम पट्टी लावून बघेपर्यंत वहिनी सांगून मोकळी व्हायची. मॅडमनी एकदा मुद्दाम पाटी झाकून परीक्षा घेतली, वीसपैकी वीस बरोबर. घरी येऊन हे तिने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागली तेव्हा आईने कूस बदलली.

मला तिने समजावलं ते असं. ताई, रताळ्याचंही सोयरिकीसारखंच आहे. एकाच वेलाची दोन फुलं जोडली तर बी धरतच नाही, भावाबहिणीचं लग्न कसं लागेल? जितकं लांबचं घर तितकी पोरं धट्टीकट्टी.

जोडायचं काम वहिनीकडे आलं. आदल्या दिवशी दुपारनंतर उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या आणि टोकाला दोरा बांधून ठेवायच्या, म्हणजे मधमाशी आधी शिरायची नाही. सकाळी लवकर दोरा सोडायचा, एकीचा पराग दुसरीला लावायचा, परत दोरा. दहाच्या आत सगळं उरकायचं, नंतर फूल मान टाकतं. तो दोरा जायचा माझ्या मशीनवरून, उरलेले तुकडे-ताकडे. मॅडमनी जुन्या रजिस्टरात वाचलं होतं की अडतीसला भुंगा लागत नाही. सदतीस चवीला उत्तम. म्हणून दोघींची जोडी ठरली. वहिनीने दोन हंगाम सदतीस आणि अडतीस जोडल्या. शेकडो फुलं. बी एक नाही.

दुसऱ्या जोड्यांना तिच्याच हाताने बोंडं धरत होती. हीच एक वांझ. कुणी म्हणालं हवा बिघडली, कुणी म्हणालं जागा. मॅडमना वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. त्यांचं तीन वर्षांचं काम होतं, दोन संपली होती, तोंड उतरलं होतं. वहिनी घरी यायची ती न बोलता. दोन महिन्यांत मी एकदाही वन्सं झाले नाही. मला काळजी वाटायला लागली.

मग मॅडमनी सगळ्या रांगांची कोवळी पानं बर्फात घालून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. पानातलं डीएनए का काय ते काढून मशीन सांगतं कोण कुणाची कोण. चित्र आलं ते आडव्या झाडासारखं, फांदीला फांदी, टोकाला नंबर. जवळच्या जाती एका फांदीवर, लांबच्या लांब. सदतीस आणि अडतीस एकाच टोकावर. म्हणजे बहिणीसुद्धा नव्हेत, एकच बाई दोन नावांनी.

मॅडमना उलट हायसं वाटलं. बी का धरत नव्हतं ते कळलं. त्यांनी आणि साहेबांनी ठरवलं की पूर्वी कुणीतरी एकच जात दोनदा आणली असणार, जुनं रजिस्टर चुकीचं आहे. अडतीस यादीतून काढून टाकायची. अशी कधी वेगळी जात नव्हतीच असं लिहायचं.

त्या संध्याकाळी वहिनी घरी आली आणि चपला न काढता माझ्या मशीनपाशी बसली. मग तिने मला सगळं सांगितलं, पहिल्या वर्षीचा पाऊस, मुकादम, नांगे. मी विचारलं, कुणाला माहीत आहे? म्हणाली, कुणालाच नाही. मुकादम केव्हाच सोडून गेला. मी म्हटलं, मग झालं तर, मशीननेच तुला सोडवलं, गप्प बस. कारण त्याच वर्षी तिचं कायम व्हायचं होतं. तिचा कागद वर गेला होता. रोजंदारीवरच्या माणसाला उद्यापासून येऊ नको म्हणायला एक मिनिट लागतं. कायम झालं की ती टांगती तलवार जाते. आठ वर्षं ती त्याचीच वाट बघत होती, आम्ही सगळेच बघत होतो. दादाचा टेम्पो आठवड्यात दोन दिवस गॅरेजमध्ये असायचा. मी हे सगळं तिला बोलून दाखवलं. मीच. ते मला आता झोपू देत नाही.

ती म्हणाली, "ताई, मशीन खोटं बोललं नाही. पण मी गप्प बसले तर त्यावरून लिहितील ते खोटं ठरेल. ती होती हो. मी तिला हातात धरलीय."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत जाऊन तिने सांगितलं. मॅडम तिथेच होत्या, त्यांच्याकडून मला पुढे कळलं. वहिनी खुर्चीवर बसली नाही. मुकादमाचं नाव घेतलं नाही, पाऊस झाला होता असंही फार ताणलं नाही. मी भरले, एवढंच. साहेब म्हणाले, आठ वर्षांनी सांगतेस? ती म्हणाली, हो, पाच वर्षांपूर्वी कळलं होतं, तेव्हाच सांगायला हवं होतं. साहेब वाईट माणूस नव्हते, पण एक जात कायमची गेली होती आणि तिचं उत्तर त्यांना वर द्यायचं होतं. लेखी ठपका बसला. कायमचा कागद थांबला. कामावरून काढलं नाही ते मॅडम मध्ये पडल्या म्हणून.

दादा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. पानात वाढलेलं निमूट खायचा. नवव्या दिवशी तिनेच विचारलं की टेम्पो रविवारी रिकामा असतो का. रजिस्टरात लिहिलं होतं की अडतीस नंबर जुन्या वीटभट्टीपाशी एका परसातून आणली होती. आता तिथे वीटभट्टी नाही, परस नाही, घरांवर घरं झालीत. पण वेल हा एका कुंपणावरून दुसऱ्या कुंपणावर जातो, शेजारीण शेजारणीला देते. कुठेतरी असेल, म्हणाली. दादा म्हणाला, डिझेल काय तुझी रताळी देणार? आणि रविवारी सकाळी टेम्पो पुसून तयार ठेवला.

तीन महिने आम्ही रविवार-रविवार फिरलो. पुढे दादा आणि वहिनी, मागे मी आणि मॅडम, कुंपणांवरून डोकावत. लोकांना वाटायचं घरपट्टीवाले आले. एका म्हाताऱ्याने आम्हाला तिघी बायका आणि एक पुरुष असं बघितलं आणि विचारलं, मुलगी बघायला आलात का? वहिनी म्हणाली, हो, तुमच्या वेलावरची. म्हाताऱ्याने खरंच आत बोलावून वेल दाखवला. ती नव्हती, पण यादीत नसलेली दुसरीच जात निघाली. अशा आठ नव्या मिळाल्या. मॅडमची वही भरली. अडतीस मिळेना.

मग एका पंक्चरवाल्याच्या दुकानामागे, मातीने भरलेल्या जुन्या टायरांमध्ये वेल दिसला. पंक्चरवाला म्हणाला, सासूने लावलेला, दोरेच दोरे निघतात, कुणी खात नाही, पाला शेळीला जातो. वहिनीने पान उलटं केलं. देठ पानाला मिळतो तिथे जांभळा ठिपका. सदतीसला तो नसतो. शेंड्यावर लव. तिने बोटांनी माती उकरली, वाकडंतिकडं रताळं निघालं, भोक नाही. ती तिथेच एका टायरवर बसली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही तिने चटकन नाक पुसून पंक्चरवाल्याला विचारलं की एवढं चांगलं टायर मातीत का घातलं.

केंद्रात लावून एक हंगाम बघितलं. शेजारी भुंग्यांनी चाळण केली, हिला शिवले नाहीत. पानं परत मशीनकडे गेली. एकशे बारांपैकी कुणाशीच जुळत नाही, आणि सदतीसपासून चांगली लांब. रजिस्टरात अडतीसबद्दल चार ओळी होत्या, चारही बरोबर बसत होत्या.

साहेबांनी वहिनीला बोलावलं. खुशीत होते. या वेळी खुर्चीवर बसवलं. म्हणाले, जुन्या अडतीसचं पान कुठेही जपलेलं नाही, त्यामुळे मशीन काही ताडून बघू शकत नाही. पण तिला हाताळलेलं माणूस तू एकटीच आहेस. हीच ती, एवढं लिहून सही कर. जात परत मिळाली म्हणून मी वर कळवतो, तुझा ठपका मागे घेतो आणि कायमचा कागद उद्या पाठवतो. मॅडम बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणतात, मलासुद्धा वाटत होतं मावशींनी करून टाकावी सही.

वहिनीने पेन हातात घेतलं. मग परत टेबलावर ठेवलं.

"साहेब, मला वाटतं तीच आहे. पण मला वाटतं म्हणून लिहू नका. तेव्हा सदतीस आणि अडतीसही मला सारख्याच वाटल्या होत्या."

साहेब म्हणाले, बाई, तुझंच नुकसान आहे. ती म्हणाली, असू द्या. हिला नवा नंबर द्या. अडतीसची जागा मोकळी राहू द्या, म्हणजे कुणाला तरी खरी सापडली तर ठेवायला जागा असेल.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा दादा दारात टेम्पोच्या आरशाला पट्टी चिकटवत होता. केली का सही, त्याने विचारलं. नाही, ती म्हणाली. मी मशीनवर होते, पाय थांबला माझा. मला वाटलं आता पुन्हा आठ दिवस घरात कुणी बोलायचं नाही. दादाने पट्टी दाताने तोडली.

"मग कितवा नंबर दिला तिला?"

"एकशे एकवीस. आधीच्या आठ मोजून."

"बरं," दादा म्हणाला आणि दुसऱ्या बाजूचा आरसा धरायला तिला हाक मारली.

कायम व्हायला पुढे तीन वर्षं लागली. कायम झाल्यावर दोनच वर्षं तिला मिळाली, मग पोटातलं दुखणं निघालं. एकशे एकवीस आणि सदतीस तिने जोडल्या त्याला पहिल्याच हंगामात सव्वीस बोंडं धरली. त्यातली रोपं मॅडम अजून तपासतात, अजून काही वर्षं लागतील म्हणतात. अडतीस नंबरची रांग मोकळी आहे. पाटी आहे, दहा पावलं माती आहे, तिच्यातलं तण वहिनी स्वतः काढायची, आणि कामावर आलेल्या नव्या बाईला पहिल्या दिवशी तिथे नेऊन उभी करायची आणि आपण काय केलं ते आपल्या तोंडाने सांगायची.